फोर बाय फोर भाऊजी

आमच्या भाऊजींच्या गाडीला चार चाकं आहेत. पण ही गोष्ट ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीच्यांच्या गाड्या तीनच चाकांवर चालतात. ‘फोर बाय फोर आहे जी,’ म्हणतात आणि क्षणभर गप्प राहतात. तेवढ्या वेळात समोरच्यानं गाडीकडं एकदा आदरानं बघून घ्यायचं असतं. जो बघत नाही, त्याला ते पुन्हा सांगतात.

माझी ताई किरनापूरला दिली आहे. गोंदियाहून निघून राजेगावला बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो. १९५६ साली राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर राजधानी असलेला जुना मध्य प्रदेश मोडला, भंडारा-गोंदिया इकडं आलं आणि बालाघाट तिकडंच राहिलं. सोयरिकींना हे कोणी कळवलं नाही, त्यामुळे त्या अजून नदी ओलांडून होतात. इकडं एमएच ३५, तिकडं एमपी ५०, एवढाच काय तो फरक. धान तोच, बांध्या त्याच, आणि जुलैतला चिखलही तोच.

त्या चिखलासाठीच भाऊजींनी गाडी घेतली, असं ते म्हणतात. ताई वेगळं सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळा प्रकार कान्हाच्या जंगलात सुरू झाला. मुक्की गेट बालाघाट जिल्ह्यातलंच, म्हणून एका हिवाळ्यात सगळे जिप्सीत बसून वाघ बघायला गेले. वाघ दिसला नाही. भाऊजींना जिप्सी दिसली. वाटेत एक ओढा होता, गुडघाभर गाळाचा. जिप्सी त्यात उतरली, जरा कुरकुरली आणि पलीकडं निघून गेली. भाऊजी त्या दिवशी घरी परत आले ते वेगळेच माणूस होऊन. गाडी हाकणारा पोरगा पूर्ण वेळ कासवाच्या चालीनं चालला होता, ओढ्याआधी थांबून खाली उतरून पाणी बघून आला होता, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं.

मग एके वर्षी धानाचे पैसे आणि रस्त्यालगतच्या जमिनीच्या तुकड्याचे पैसे मागोमाग आले. दारात काळी, उंच जीप उभी राहिली. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. पुढं जे झालं त्यात कंपनीचा काडीइतका दोष नव्हता, उगाच नाव निघायचं.

या गाडीत गिअरच्या शेजारी दुसरा एक आखूड दांडा असतो. एरवी इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. दांडा सरकवला की पुढच्या दोघांनाही जातो. भाऊजींनी तो दांडा पहिल्या दिवशी सरकवला आणि तसाच ठेवला. ‘घेतली कशाले मंग?’ हा त्यांचा बिनतोड सवाल. आता ही गोष्ट कोरड्या डांबरावर करायची नसते. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. आणि या प्रकारच्या गाडीत दांडा टाकला की पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. चिखलात चाक थोडं घसरून तो हिशेब मिटवून घेतं. डांबरावर घसरायला जागा नाही, म्हणून आतले दाते एकमेकांवर दात खातात. बाजार चौकात गाडी फिरवताना ती आखडायची, धक्के द्यायची, खालून कटकट ऐकू यायची. मेकॅनिकनं एकदा हटकलं. भाऊजी त्याच्याकडं बघून हसले. ‘पकड आहे ती,’ म्हणाले.

काही माणसं वस्तू घेतात, काही माणसं वस्तूकडून दृष्टी घेतात. भाऊजी दुसऱ्या जातीचे. गाडी आल्यापासून त्यांच्या जगाचे दोनच भाग पडले. पुतणीसाठी बालाघाटचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीवाला, निर्व्यसनी. घरात सगळ्यांना पसंत. भाऊजींना मत विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, ‘पोरगा चांगला आहे. पण टू व्हील ड्राइव्ह आहे.’ लग्न झालं. जावयाला अजून कळलेलं नाही की आपल्यात नेमकं काय कमी आहे.

भाऊजींचा खरा हंगाम म्हणजे रोवणीचा. इतरांची कंबर मोडते त्या महिन्यात यांची छाती फुगते. रात्री जोराचा पाऊस झाला की सकाळी चहा घेऊन ते गाडी काढतात आणि पाणंदीपाणंदीनं फिरतात. मागं दोरखंड, साखळी, फावडं, दोन पाट्या, विजेरी. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नाही. फक्त थोडं रुतावं, असं वाटतं. रुतलेला माणूस दिसला की ते लगेच धावत नाहीत. आधी गाडी शेजारी उभी करतात, काच खाली करतात आणि विचारतात, ‘फसली का जी?’ चाकं अर्धी जमिनीत गेलेल्या माणसाला हा प्रश्न सहन होत नाही, पण दोरी भाऊजींकडं असते. पैसा घेत नाहीत. चहासुद्धा नको म्हणतात. फक्त गाडी बाहेर आल्यावर त्या माणसानं ‘फोर बाय फोरच पाहिजे बुवा’ असं म्हणावं, एवढी माफक अपेक्षा. तो म्हणेपर्यंत दोरी सोडत नाहीत.

एकदा या परोपकारानं घोटाळा झाला. वसुलीसाठी निघालेल्या एका साहेबाची गाडी गावाबाहेर पार दारापर्यंत रुतली. गाव लांबून बघत उभं होतं, इतकं समाधानी गाव मी कधी पाहिलं नाही. तेवढ्यात भाऊजी पोचले आणि पाच मिनिटांत साहेबाला कोरड्या रस्त्यावर आणून ठेवलं. साहेबानं उपकार मानले आणि गावात शिरला. चार दिवस भाऊजींशी पानठेल्यावर कोणी बोललं नाही.

एक कबूल करायला हवं. या गाड्या भाऊजींच्या जीपनं खरोखरच काढल्या. थापा नाहीत. दोन चाकं जागच्या जागी गरगरत राहतात तिथं चार चाकं ओझं वाटून घेतात आणि निघतात. उभ्या गाडीला हलवणं, चढावर चढवणं, गाळातून ओढणं, यात त्या आखूड दांड्याला तोड नाही. घोटाळा होतो तो माणसाच्या डोक्यात. निघताना गाडी घसरली नाही, म्हणजे थांबतानाही घसरणार नाही, असं तो धरून चालतो. उलट होतं असं की साधी गाडी निघतानाच चाक फिरवून सांगते, बाबा, रस्ता निसरडा आहे. फोर बाय फोर सांगत नाही. ती गुमान वेग घेते.

मी गोंदियाला शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे हे भाऊजींना समजावणं माझं कर्तव्य आहे, असं ताईला वाटलं. जेवणं झाल्यावर विषय काढला. म्हटलं, ‘भाऊजी, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारी चाकांवर असतो. ताईच्या माहेरच्या जुन्या मोटारीलाही होता.’

भाऊजींनी मोबाइल काढून १९८० च्या ऑडी क्वाट्रोचा व्हिडिओ लावला. बर्फातून, खडीतून, वळणावळणांनी पळणारी गाडी. ‘हे पाहा मास्तर.’

मीही तयारीनं गेलो होतो. म्हटलं, त्याच्याही आधी, १९६६ साली, इंग्लंडात जेन्सन एफएफ नावाची मोटार निघाली. खडकाळ रानासाठी नव्हे, साध्या रस्त्यासाठी चारही चाकांना जोर देणारी बाजारातली ही पहिली मोटार. आणि ज्यांनी ती बांधली, त्यांनी त्याच गाडीत ब्रेक दाबल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणाही बसवली, विमानांसाठी निघालेली. का बसवली? कारण त्यांना ठाऊक होतं की जोर देणं हे एक काम आणि आवरणं हे दुसरं काम.

‘किती खपल्या त्या?’ भाऊजींनी विचारलं.

‘तीनशे वीस बनल्या.’

‘म्हणजे चालली नाही,’ भाऊजी म्हणाले आणि क्वाट्रोचा आवाज वाढवला.

मग मी खिशातली लग्नपत्रिका काढून तिच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून थोडं जास्त. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो, तेवढं अंतर तर फुकटच गेलं. त्यानंतर कोरड्या डांबरावर गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओल्यावर ३५. आणि डांबरावर चिकणमातीचा लेप बसला असेल तर ७०. वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट.

भाऊजींनी पत्रिका हातात घेतली, वरून खाली वाचली, उलटून वधूवरांची नावंही वाचली. ‘यात फोर बाय फोर कुठं धरलं आहे?’

‘धरायचंच नसतं. थांबताना त्याचा संबंध येत नाही.’

‘मग हा हिशोब टू व्हीलचा आहे,’ म्हणून त्यांनी पत्रिका मला परत केली.

तो प्रसंग गेल्या आषाढातला. ताईकडं जायचं होतं, पाऊस चार दिवस धरून बसला होता. भाऊजी स्वतः न्यायला आले. आईनं ताईसाठी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली, ती मी मांडीवर घेतली. मागं ठेवा म्हटलं तर भाऊजी म्हणाले, ‘मांडीवर कायले, इथं पाणी भरलेला गिलास ठेवला तरी हलत नाही.’ तरी मी मांडीवरच ठेवली. विज्ञान शिकवल्याचा तेवढाच उपयोग.

टायर नवे दिसत होते. नवे नव्हते, रुंद होते. शोभेसाठी नागपूरहून आणलेले जुने टायर, आणि त्यांच्या खाचा जवळजवळ गुळगुळीत. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायरचं आयुष्य संपलं. भाऊजींच्या टायरवर ते उंचवटे शोधावे लागत नव्हते, तेच तेवढे दिसत होते. त्यात रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. खाचांनी पाणी बाहेर फेकायचं, तर खाचाच नाहीत.

राजेगाव मागं पडलं. दोन्हीकडं रोवणी चाललेली, पाण्यानं भरलेल्या बांध्या आरशासारख्या. काटा साठच्या पुढं. किरनापूर जवळ आलं तसा रस्त्याचा रंग बदलला. काळ्याचा तपकिरी झाला. चिखलणी करून बांधीतून वर आलेले ट्रॅक्टर रस्त्यावरून जातात आणि चाकांना चिकटलेली माती थापीथापीनं सोडत जातात. वर बारीक भुरभुर चालू असली की त्या मातीची खीर होते. मुसळधार पाऊस ती धुऊन तरी नेतो. भुरभुर तिला फक्त घोटते.

‘भाऊजी, जरा हळू.’

‘फोर बाय फोर आहे जी.’

वळणापलीकडं सात-आठ म्हशी रस्त्यात उभ्या होत्या. म्हशींना फोर बाय फोरचं कौतुक नाही, त्या जन्मापासून तशाच आहेत. भाऊजींनी ब्रेक दाबला. पायाखालून कडकड कडकड असा आवाज आला. ते ब्रेकचं यंत्र चाकांना जखडू न देण्याची खटपट करत होतं. चाकं जखडली नाहीत. गाडी थांबलीही नाही. भाऊजींनी चक्र डावीकडं फिरवलं. पुढची चाकं डावीकडं वळली, गाडी सरळ चालत राहिली. मग एकाएकी टायरला कुठंतरी बिनचिखलाचा तुकडा सापडला असावा, कारण गाडीला एकदम आठवलं की आपल्याला डावीकडं जायचं आहे. ती गेली. रस्त्याची कड, खालचा उतार, बांधीचा धुरा, असं सगळं ओलांडून आम्ही नुकतेच परे लावलेल्या हिरव्यागार बांधीत जाऊन बसलो.

कोणाला खरचटलंही नाही. उंच गाडीचा भार वर असतो, ती आडवी घसरली तर उलटायला निमित्त शोधत असते. त्या दिवशी ती नाकासमोर उतरली आणि खाली हातभर मऊ चिखल होता, एवढंच आमचं नशीब. बरणी शाबूत होती. तेल माझ्या विजारीवर होतं. म्हशींनी मान वळवून एकदा बघितलं आणि चालू लागल्या.

बांधीच्या त्या टोकाला दहा-बारा बायका वाकून रोवणी करत होत्या. त्या सरळ उभ्या राहिल्या. क्षणभर सगळं शांत. मग एकीनं विचारलं, ‘रोवणीले आले का जी?’ आणि जो हशा उठला तो पलीकडच्या टेकडीवरच्या किरनाई देवीनंही ऐकला असेल.

दुसरा कोणी असता तर खचला असता. भाऊजींचे डोळे चमकत होते. इतकी वर्षं लोकांना काढलं, आज स्वतःला काढायची संधी आली होती. ‘आता बघा मास्तर,’ म्हणत त्यांनी दांडा सगळ्यात खालच्या खाचेत टाकला. इंजिन गुरगुरलं. मागं चिखलाचं कारंजं उडालं. गाडी पुढं गेली नाही, खाली गेली. पुन्हा जोर दिला, पुन्हा वीतभर खाली.

मी काचेतून डोकं काढून पाहिलं. चारपैकी दोनच चाकं फिरत होती, एक पुढचं, एक मागचं. त्यांच्या जोडीदारांनी संप केला होता. दोन चाकांच्या मधल्या दातेपेटीचा स्वभाव असा की जे चाक सैल, त्याच्याकडं ती जोर सोडते. जे टेकून उभं आहे त्याला काही मिळत नाही. हा दोष घालवायला कुलूप लागणारी पेटी मिळते. भाऊजींच्या गाडीत ती नव्हती, त्याऐवजी छतावर सहा दिवे होते.

तोवर बांधीचा मालक आला. वाकलेला म्हातारा, डोक्यावर पोत्याची खोळ. तो गाडीकडं न बघता आधी तुटलेल्या धुऱ्याकडं गेला, कारण तिथून बांधीचं पाणी वाहून चाललं होतं. दोन हातांनी माती ओढून त्यानं वाट बुजवली, हात धुतले आणि मग भाऊजींकडं वळला.

‘चारही चाकं चालतेत म्हनतेत ना हिचे?’

‘चालतात ना बाबाजी.’

‘मंग ने.’

यावर भाऊजींकडं उत्तर नव्हतं. त्या गाडीत मी पहिल्यांदाच शांतता ऐकली.

गाडी काढली एका ट्रॅक्टरनं. कोणता? ज्यानं रस्त्यावर ती माती सांडली होती तोच. जुना, रंग उडालेला, आणि मागच्या दोन चाकांवर चालणारा. फक्त त्याच्या चाकांना लोखंडी जाळ्या बसवलेल्या होत्या. धानाच्या बांधीत चिखलाखाली एक घट्ट थर असतो, जाळीचं चाक चिखल कापत तिथवर पोचतं आणि तिथं पाय रोवतं. ट्रॅक्टरवाल्या पोरानं गाडीशेजारी ट्रॅक्टर उभा केला, साखळी अडकवली, खाली वाकला आणि अगदी निरागसपणे विचारलं, ‘फसली का जी?’

हे वाक्य भाऊजींचं आहे, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात ताई पोचली. कोणीतरी फोन केला होता. तीच भुरभुर, तोच निसरडा रस्ता, आणि ती जुन्या स्कूटीवर. दोन्ही पाय खाली सोडलेले, पंधराच्या वेगानं, ओच्याला पिशवी. तिनं स्कूटी टणक जागी लावली, आधी माझ्याकडं पाहिलं, मग बरणीकडं, मग नवऱ्याकडं. ‘लागलं का कुठं?’ एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर बरणी घेऊन परत निघाली. आमच्याआधी घरी पोचली.

त्या रात्री भाऊजी जेवताना गप्प होते. शेवटी वरणाला हात लावत म्हणाले, ‘टायर.’ आम्ही वाट पाहिली. ‘टायरमुळे झालं. नवे टाकतो.’ आणि टाकलेही, चांगले, खोल खाचांचे. मी याला मोठी प्रगती मानतो. आखूड दांडाही आता डांबरावर जागच्या जागी असतो, म्हणजे चौकात तरी. मेकॅनिकला मात्र त्यांनी सांगितलं की ही कल्पना त्यांची स्वतःची. पानठेल्यावर ते ही हकीकत सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात म्हशींची संख्या वीसवर गेली आहे. ‘दुसरी गाडी असती तर जिवंत नसतो,’ हा त्या गोष्टीचा शेवट. दुसरी गाडी असती तर वेग चाळीस असता, हे मी बोलत नाही. ताईला तिथं नांदायचं आहे.

बांधीचं मात्र राहून गेलं. गाडीनं आणि ट्रॅक्टरनं मिळून जे दोन चर पाडले तिथले परे मेले होते. म्हाताऱ्याकडं हलक्या धानाचे परे उरले नव्हते, म्हणून त्यानं शेजाऱ्याकडून भारी, उशिरा पिकणाऱ्या धानाचे मागून आणून तेवढ्याच जागेत लावले. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला मी किरनापूरला गेलो, तेव्हा ताईनं स्कूटी रस्त्याकडेला थांबवून मला दाखवलं. सबंध बांधी पिवळी होऊन कापणीला आली होती आणि तिच्या मधून, रस्त्यापासून आत, दोन सरळ हिरव्या रेघा गेल्या होत्या.

म्हाताऱ्यानं बांधी कापली, त्या रेघा ठेवल्या. पुढं पिकल्यावर वेगळ्या कापल्या, वेगळ्या झोडल्या. पाचेक किलो धान झालं. ते एका थैलीत बांधून तो ताईच्या घरी देऊन गेला. म्हणाला, ‘हे तुमच्या गाडीचं.’